साळूबाईचे काटे आणि महाराजांची बिरुदं

एका जंगलात, मुलांनो, सरकारी सूचना लिहायचं काम साळूबाई साळिंदरीकडे होतं. लेखणी घरचीच. पाठीवरचा काटा उपटायचा, जांभळाच्या रसात बुडवायचा आणि पळसाच्या पानावर लिहायचं.

लिहायला तिची ना नव्हती. पण प्रत्येक सूचनेच्या आधी सिंहाचं अख्खं नाव लागे: 'वनभूषण, गर्जनासम्राट, झऱ्यांचे जनक, आयाळमार्तंड महाराज यांच्या आज्ञेने.' आणि खाली काय, तर उद्या डबक्यावर म्हशी येणार आहेत. नाव लिहिता लिहिताच काटा झिजे. नवा उगवायला वर्ष लागे. पाठ उघडी पडू लागली, तसा बिबट्या रोज तिच्या तब्येतीची चौकशी करू लागला.

साळूबाई घाबरली. घाबरलं की अक्कल सुचते. तिने महाराजांचं नाव वडाखालच्या शिळेवर एकदाच लिहिलं आणि शेजारी पंजाची खूण काढली.

सूचना वाचून दाखवणाऱ्या राघूला ती म्हणाली, "पानावर खूण दिसली, की शिळेवर तिच्यापुढे असेल ते म्हणायचं. बाकी पान आहे तसं वाचायचं."

यात विचार करायचा नव्हता, त्यामुळे राघूला ते लगेच पटलं. महाराजही खूश झाले. शिळेवर एक बिरुद वाढवलं, की जुन्या पानांतसुद्धा आपोआप वाढे. साळूबाईच्या पाठीवर काटे दाटले आणि बिबट्याची चौकशी थांबली.

मग आले कोल्होबा प्रधान. "साळूबाई, आमचीही एक खूण काढा की."

तिने शेपटीची खूण काढली आणि पुढे लिहिलं: 'उजवे हात कोल्होबा, ज्यांचे धनी' आणि पंजा. ती घरी गेल्यावर कोल्होबांनी महाराजांच्या नावात हळूच भर घातली: 'ज्यांचे प्रधान' आणि शेपटी. प्रत्येक सूचनेत आपणही असावं, एवढीच बिचाऱ्यांची इच्छा.

दुसऱ्याच दिवशी वणवा लागला. साळूबाईने घाईघाईने पान लिहिलं: पंजा, आणि पुढे 'वणवा लागलाय, नदीकडे पळा.'

राघू फांदीवर बसला. रिवाजाप्रमाणे सगळे माना खाली घालून उभे राहिले.

"वनभूषण, गर्जनासम्राट, झऱ्यांचे जनक, आयाळमार्तंड महाराज, ज्यांचे प्रधान उजवे हात कोल्होबा, ज्यांचे धनी वनभूषण, गर्जनासम्राट..."

धूर जवळ आला.

"हत्तीकाका," ससा म्हणाला, "पुढे काय लिहिलंय?"

"गप रे. महाराजांचं नाव चाललंय."

"...ज्यांचे प्रधान उजवे हात कोल्होबा, ज्यांचे धनी..."

हत्तीच्या शेपटीला चटका बसला, तरी तो हलला नाही. साळूबाई शिळेवर चढली आणि सगळं बळ एकवटून ओरडली, "पळा!"

सगळे पळाले. महाराज सर्वांत पुढे होते.

नदीपलीकडे अंग वाळल्यावर चौकशी बसली. कोल्होबा म्हणाले, "महाराज, हिने आपल्या नावाशिवाय सूचना दिली."

"जीव वाचले ना पण?" साळूबाई म्हणाली.

"वाचले. पण कोणाच्या आज्ञेने?" महाराजांनी विचारलं.

खुणा बंद झाल्या. यापुढे प्रत्येक पानावर अख्खं नाव हाताने लिहायचं, असं ठरलं. त्यात 'वणवाविजेते' हे नवं बिरुदही आलं.

साळूबाईने निमूटपणे पाठीवरचा एक काटा उपटला. बिबट्याने मागून फार आपुलकीने विचारलं, "कसं काय, साळूताई? बरं आहे ना?"

तात्पर्य: मुलांनो, थोडक्यात बोलायची सवय लावून घेऊ नका. थोडक्यात बोलणाऱ्यामुळे सगळ्यांचे जीव वाचतात, पण पाठ त्याची एकट्याची उघडी पडते.