फेलेतीची न उघडलेली उमू

कोळसा करायला शनिवारी दुपारी पेटवलेला खड्डा रात्रीपर्यंत थंड होईल, असा फेलेतीचा अंदाज होता. पण नारळाची सोडणं आतून ओली निघाली. रविवारी चर्चची पहिली घंटा झाली, तरी परसातल्या मातीच्या ढिगातून धूर निघतच होता.

टोंगात रविवारी काम करणं म्हणजे पाप. चालते ती फक्त जेवणाची उमू. खड्ड्यातल्या तापल्या दगडांवर अन्न ठेवायचं, वर माती लोटायची आणि प्रार्थनेहून येऊन उघडायची. त्यात फेलेती चर्चचा कारभारी. गेल्याच महिन्यात शेजारच्या लोसेकाकूंनी रविवारी धुणं वाळत घातलं, म्हणून भर सभेत त्यांची खरडपट्टी काढणारा हाच पठ्ठ्या.

"विझव ते आधी!" त्याची बायको मेलेआने म्हणाली.

"उघडलं की वारा लागेल आणि सगळी राख होईल. ओतायला टाकीत पाणी तरी आहे का? उद्या शेतकी खात्याच्या बाई येतायत कोळसा बघायला. हा कोळसा मातीत गेला, तरच आपली कोनफळं पोसणार. गेल्या प्रदर्शनात आपल्या कोनफळाला लोक रताळं म्हणाले, विसरलीस?"

मेलेआने विसरली नव्हती. ती केळीखालच्या जेवणाच्या उमूवर माती लोटायला गेली.

तेवढ्यात कुंपणावरून लोसेकाकूंचं डोकं वर आलं. "फेलेती, बाळा, धूर कसला रे?"

"उमू आहे, काकू."

"तुमची उमू तर ती काय, केळीखाली. ही दुसरी? आणि एवढी मोठी? दोन माणसांना?"

"पाहुणे आहेत."

"कोण?"

फेलेतीच्या तोंडून सुचेल ते निघालं. "पाद्रीबुवा."

काकूंनी नाक वर करून हवा हुंगली. "मटणाचा वास तर येत नाही!"

"माती घट्ट बसलीये."

बातमी काकूंबरोबर चर्चमध्ये पोचली नसती तरच नवल. पाद्रीबुवांचं प्रवचन नेमकं धीर धरण्यावर होतं. प्रवचन संपल्यावर त्यांनी फेलेतीच्या खांद्यावर हात ठेवला. "कारभारी, आमंत्रण लोसेबाईंकडून कळलं. येतो."

ते आले. सोबत बायको, चार मुलं आणि गायकवृंदातले अकरा जण. लोसेकाकू आपल्या घरचं लू घेऊन आल्या. अळूच्या पानात बांधलेलं मटण, नारळाच्या दुधात शिजलेलं. त्या जेवायला आल्या नव्हत्या, बघायला आल्या होत्या. मेलेआनेनं केळीखालची उमू उघडली. निघाली दोन लू आणि चार अळकुड्या.

"आता मोठी उघड की," काकू गोड आवाजात म्हणाल्या.

"अजून कच्ची आहे."

"सकाळपासून? आत काय, देवमासा घातलायस?"

गायकवृंद खदखदून हसला. फेलेतीला घाम फुटला. उघडावी तर कोळसा जातो, न उघडावी तर अब्रू. काकूंनी फावडं उचललंसुद्धा.

"थांबा," पाद्रीबुवा म्हणाले. ते उठले, ढिगाजवळ गुडघ्यावर बसले, मातीला हात लावला, फटीतल्या धुराचा वास घेतला. फेलेतीनं डोळे मिटले. उद्यापासून चर्चची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला, हे तो धरूनच चालला.

पाद्रीबुवा उभे राहिले. "ही आज उघडायची नाही. मी सकाळी काय सांगितलं? धीर धरा! लोसेबाई, फावडं खाली ठेवा. रविवारी फावडं?"

काकूंच्या हातून फावडं गळून पडलं. मग सगळ्यांनी आपापल्या घरून अन्न आणलं, आणि जेवण झकास झालं.

निघताना पाद्रीबुवांनी फेलेतीला केळीआड ओढलं.

"सोडणंच ना?"

"हो, बुवा," फेलेती पुटपुटला. "माफ करा."

"उद्या दुपारच्या आत हात लावू नकोस. आणि दोन पोती कोळसा माझ्या कोनफळांना ठेव." बुवांनी इकडेतिकडे पाहिलं. "गेल्या रविवारी मी घाई केली. माझ्या सगळ्या कोळशाची राख झाली."