डिकीतली निळी बाटली

डिकीतल्या निळ्या बाटलीवरचा दाबाचा काटा सकाळी नऊ वाजता साडेआठशेवर होता. साडेअकराला हर्षा पाण्याची कॅन ठेवायला गेली, तेव्हा तो अकराशेच्या पुढे सरकलेला होता. हर्षा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हात बंद बाटलीतला दाब वाढणारच, याचं तिला नवल नव्हतं. सासऱ्यांच्या वीस वर्षं जुन्या गाडीत नायट्रस ऑक्साइडची बाटली काय करते आहे, हे मात्र तिला कळेना.

"हळू बोल," तिचा नवरा उन्मेष कुजबुजला. "बापूजीले माहीत नाही. पंकजच्या गॅरेजात बसवून घेतली. हा गॅस इंजिनात गेला का पेट्रोल जास्त जळते, अन् गाडी उडते. रात्री मी चालवतो ना."

"बापूजींच्या गाडीत?"

"अवं, दोन गोष्टी संगच लागते. डॅशबोर्डवरचं लाल बटन चालू पाहिजे, अन् एक्सलेटर पार खाली पाहिजे. बापूजीनं जिंदगीत कधी एक्सलेटर पार खाली दाबला का?"

हे खरं होतं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले बापूजी ताशी पस्तीसच्या वर कधी गेले नव्हते. काळजी त्यांच्या वेगाची नव्हती, डोळ्यांची होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि ऑपरेशन तीन वर्षं पुढे ढकललं जात होतं. दिवाळीनंतर पाहू, मग थंडीनंतर पाहू. आता आणखी थांबलात तर ऑपरेशन अवघड होईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हर्षाने आज तपासणीसाठी बाराची वेळ मिळवली होती. बापूजी यायला तयार झाले, पण एका अटीवर: गाडी ते स्वतः चालवणार. "डोळे खराब असते तर गाडी चालवता आली असती का मले?"

"निदान बाटलीचा कॉक तरी बंद कर," हर्षा म्हणाली. उन्मेषने हात पुढे केला, तेवढ्यात बापूजीच आले. त्यांनी डिकीत वाकून निळ्या बाटलीकडे पाहिलं.

"दोन दोन कॅन घेतल्या पाण्याच्या? बरं केलं." आणि डिकी धाडकन बंद झाली.

उन्मेष बापूजींच्या शेजारी बसला. मागे हर्षा आणि सासूबाई, यमुताई. रस्ते उन्हाने ओस पडले होते, तेवढाच आधार.

"बापूजी, गाय," हर्षा म्हणाली.

"दिसली मले."

"डावीकडे आहे."

"दिसली म्हणलं ना!" म्हणत बापूजींनी उजवीकडच्या मोकळ्या रस्त्याला हॉर्न दिला.

एसी केव्हाच बंद पडला होता. सिग्नलला बापूजींनी डॅशबोर्डवर बोटं फिरवली आणि लाल बटन दाबलं. "हे पंख्याचं नवीन लावलं का गा?"

उन्मेषने बटनाकडे हात नेला, त्यावर बापूजींची चापट बसली.

"राहू दे ना बे! गरम होऊन राहिलं मले."

"त्यानं हवा येत नाही, बापूजी."

"काहून नाही येत? आता येऊन राहिली थोडी थोडी."

गाडी उड्डाणपुलावर चढली. टपावर कूलर बांधलेली एक ई-रिक्षा मागून आली आणि सावकाश पुढे निघून गेली.

"अवं माय!" यमुताई म्हणाल्या. "तो कूलर पोचते आपल्या आधी. डॉक्टर घरी जाईन जेवाले, तवा पोचसान तुमी!"

बापूजींनी एक्सलेटरवर पाय रोवला.

"दाबू नका!" हर्षा आणि उन्मेष एकदमच ओरडले.

त्या घरात बापूजींना 'नका' असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी पाय पार खाली दाबला.

अर्धा सेकंद काहीच झालं नाही. मग इंजिनातून असा आवाज आला, की हर्षाला वाटलं बाटलीच फुटली. चौघांच्याही पाठी सीटला चिकटल्या. यमुताईंच्या मांडीवरचा डबा उघडला आणि दहीभात मागच्या काचेवर गेला. ई-रिक्षा आली आणि गेली. कूलर गेला. पूल संपला, दवाखान्याचं वळण गेलं, आणि बापूजींचा पाय तिथेच गोठलेला होता. उन्मेषने बटन बंद केलं आणि दोन्ही हातांनी बापूजींचा पाय ओढून काढला, तेव्हा कुठे गाडी धापा टाकत एका कडुनिंबाखाली थांबली.

"मी मेली का वं हर्षा?" यमुताईंनी डोळे मिटूनच विचारलं.

"नाही, आई."

उन्मेषने मान खाली घालून बाटलीचं सगळं सांगून टाकलं. आता गाडी विकतात की मुलाला घराबाहेर काढतात, याची तिघं वाट पाहत राहिली.

"किती होता स्पीड?" बापूजींनी विचारलं.

"सत्त्याण्णव," उन्मेष पुटपुटला.

"सत्त्याण्णव." बापूजींनी समोरच्या काचेकडे पाहिलं. "अन् मले काईच नाही दिसलं गा. नुसतं पांढरं पांढरं."

मग त्यांनी उन्मेषकडे मान वळवली.

"बाटलीत किती उरलं?"

"अर्ध्याच्या वर असंल."

"तिले हात नको लावू." बापूजी मागे वळले. "हर्षा, डॉक्टरले फोन लाव. सांग, ऑपरेशन करतो मी."