सेतुराव आणि विमानाचे पाय

आमचे शेजारी सेतुमाधवराव माणसाचा चेहरा विसरत, पण त्याच्या घरच्या खुर्चीचा डुगडुगता पाय कधी विसरत नसत. माझ्यासाठी मुलगी बघायला त्यांना नेलं, तर ते तिच्या घरची बाज हलवून बघत बसले. "वर जावयास कोणासही येतें. उतरून उभें राहतां आलें पाहिजे," हे त्यांचं पालुपद.

युद्धात ते विमानतळावर मिस्त्री होते, नंतर कुंभकोणमात बसगाड्या दुरुस्त करत. जवळच्या साक्कोट्टै गावच्या मिरासदारांनी, म्हणजे तिथल्या बड्या जमीनदारांनी, मद्रासला जाऊन वैमानिकाचा परवाना काढला, हौसेनं एक जुनं दोन सीटांचं विमान घेतलं आणि ते स्वतःच्याच शेतात आपटून लंगडं केलं. तेव्हा बोलावणं अर्थात सेतुरावांना आलं.

चाकांच्या आसावर बसणारे काशाचे बुश त्यांनी भांडी ओतणाऱ्याकडून करून घेतले. त्यानं सवयीनं कडेला वेलबुट्टी काढली. "मी यांत काय सांबार करूं?" म्हणत सेतुरावांनी ते परत केले. धक्के झेलायला नवा रबरी दोर बसवला. मग विमान ताडाच्या खांबांना टांगायचं, दोन्ही सीटांवर भाताची पोती ठेवायची आणि वीतभर उंचीवरून सोडायचं, हा खेळ सुरू झाला. बघायला पट्टीश्वरमहून माणसं येत.

पाय टिकले. मिरासदारांनी खूश होऊन पहिल्या उड्डाणाला पुढची सीट सेतुरावांना देऊ केली. सेतुरावांनी मान डोलावली आणि दुसऱ्या सकाळी ते नवं रबर काढून टाकलं. पुढच्या सीटवर आता अर्धंच पोतं होतं.

मिरासदार वैतागले. एवढ्याशा वजनाचं माणूस तरी कोण आहे, असं त्यांनी तमिळमध्ये विचारलं.

"आमची अक्का," सेतुराव म्हणाले.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. बाराव्या वर्षी विधवा झालेली. कुणी प्रवासाला निघालं की आपण आडवं जाऊ नये म्हणून ती आत चुलीपाशी जाऊन उभी राही. पहिल्याच उड्डाणाला ही? असं मिरासदारांच्या तोंडून निघालं. सेतुराव शांतपणे सांगू लागले, की सीट मला दिलीत, ती मी तिला दिली. रबर कडक असलं की हलकं माणूस उसळतं, तिची हाडं जुनी आहेत, म्हणून मऊ घालतोय. मिरासदारांनी त्या अर्ध्या पोत्याकडे एकदा बघितलं. मग तमिळमध्ये म्हणाले, "सरी," म्हणजे ठीक.

अक्का मात्र ऐकेना. "नक्को रे सेतू. माझ्यानें अपशकुन होईल."

"चाकास कसला अपशकुन? चाक मी बसविलें आहे."

अखेर अक्का पुढच्या सीटवर बसली आणि मागे बसून मिरासदारांनी विमान वर नेलं, तेव्हा सेतुरावांनी माझं मनगट धरलं, ते उतरेपर्यंत सोडलं नाही. अशी भीती मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिली नव्हती. चाकं टेकली, पाय दबले, एक हलकी उसळी आली आणि विमान नीट उभं राहिलं. पण अक्का काही उतरेना. आम्ही धावलो.

ती दोन्ही हातांनी सीटची कड धरून बसली होती. पदर कधीच डोक्यावरून उडाला होता.

"सेतू, ह्यांस विचार ना. आणिक एक फेरी मारतील काय? मी उतरणार नाहीं."

मिरासदार हसले. सेतुराव माझ्याकडे वळले. "लहानपणीं फार हट्टी होती ही, आई सांगे. हिला हट्ट करतांना मीं आजच पाहिलें," असं म्हणून ते विमानाचा पंखा फिरवायला धावले.