रिसबूड उठले

बावीस जून, रविवार, सकाळी साडेनऊ. बेल वाजली. दार उघडताच समोरच्या बिऱ्हाडातले रिसबूड मला ओलांडून थेट माझ्या स्वयंपाकघरात गेले, गॅसची बटणे एकेक दाबून पाहिली आणि बाहेर येऊन म्हणाले, "बंद आहे."

"ठाऊक आहे. घर माझं आहे."

"मुद्दा तो नव्हे, सोमण. तुम्हाला पोकर येतं ना? शिकवा. चार वाजता धायरीला खेळायचंय."

रिसबूड वजनमापे खात्यात निरीक्षक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. तपासणी थांबलेली नाही. शनिवार पेठेतील आमच्या इमारतीत असे एकही स्वयंपाकघर नसेल, जिथला गॅस या गृहस्थाने पाहिलेला नाही. बारसे असो वा सोसायटीची सभा, मध्येच उठणार, आत जाणार, "बंद आहे" म्हणत परतणार. आगीची भीती, असे आम्ही सारे समजत होतो. "मुद्दा तो नव्हे" हे त्यांचे दुसरे वाक्य. मुद्दा कोणता, हे सहसा कळत नाही.

त्या दिवशी कळला. त्यांची एकुलती एक मुलगी मृणाल धायरीला राहते. दिवाळीत रिसबूड तिच्याकडे गेले, तेव्हा ती, जावई आणि दोघे मित्र पोकर खेळत होते. पैसे लावलेले नव्हते. रिसबुडांनी ते विचारले नाही. "हे घर आहे की अड्डा?" एवढे बोलून, फराळाला न शिवता, ते रिक्षाने परत आले. तेव्हापासून बाप-लेकीचे बोलणे औषधांच्या नावांपुरते उरले होते. आणि त्या सकाळी मृणालचा फोन आला होता. "चार वाजता खेळणार आहोत. यायचं तर खेळायला या, बाबा. प्रवचन द्यायचं असेल, तर नका येऊ."

मी मालवाहू बोटींवर इंजिनिअर होतो. पोकर तिथे शिकलो. शिकवण्याचा मला कंटाळा आहे. परंतु रिसबुडांच्या हातात पत्र्याचा एक डबा होता आणि डब्यात चिंचोके होते.

"पैशांऐवजी," ते म्हणाले. "मृणालचे आहेत. शाळेत असतानाचे."

मी पत्ते काढले.

खेळ थोडक्यात सांगितला. प्रत्येकाला दोन पत्ते, झाकून. मधोमध पाच, सर्वांसाठी उघडे. आपला हात चांगला वाटला तर चिंचोके लावायचे. समोरच्याने तितकेच लावायचे, नाहीतर पत्ते टाकायचे. सगळ्यांनी टाकले, तर उरलेल्याने ढीग उचलायचा, पत्ते न दाखवता.

"न दाखवता? त्याच्याकडे काहीच नसलं तरी?"

"तरी."

"आणि तपासणी?"

"नाही."

"आमच्या खात्यात याला दंड होता," रिसबूड म्हणाले आणि पत्ते उचलले.

ते पाहताच ते उठले. "आलोच," म्हणून स्वयंपाकघरात गेले. परतले, बसले, मूठभर चिंचोके लावले. मीही लावले आणि हरलो. त्यांच्याकडे दोन एक्के होते. पुढचे काही डाव ते दगडासारखे बसून राहिले. प्रत्येक वेळी हातात दुर्री, तिर्री, असलाच कचरा. मग पुन्हा उठले. या खेपेस राजांची जोडी.

बोटीवर अशा खुणा ओळखण्यात माझे आयुष्य गेले. कुणी चांगला हात आला की सिगारेट शोधतो, कुणी कान खाजवतो. रिसबूड गॅस पाहतात. यानंतर ते उठले की मी पत्ते टाकू लागलो.

"अहो, तुम्हाला कळतं कसं?" त्यांनी चिडून विचारले.

मी मात्र भलत्याच गोष्टी आठवत होतो. मृणालच्या लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा वधूपिता मांडवात नव्हता. तो कार्यालयाच्या मुदपाकखान्यात होता आणि त्याने भाताखालच्या सगळ्या शेगड्या बंद केल्या होत्या. पंगत रखडली. आचारी आजही नाव काढतो. याउलट त्यांची पत्नी गेली त्या दिवशी रिसबूड एका खुर्चीत बसले, ते दिवसभर उठले नाहीत. माणूस कोरडा आहे, असे मी तेव्हा ठरवले होते. आणि दिवाळीपासून माझा गॅस पाहायला ते एकदाही आले नव्हते.

"चांगला हात आला की तुम्ही उठता," मी सांगितले.

"गॅसचा आणि पत्त्यांचा काय संबंध?"

"नाही तर नाही."

नंतर त्यांनी खुर्चीवर मांडी घातली. "मांडी सोडायला वेळ लागतो. तेवढ्यात मन ठिकाणावर येईल." पुढल्या चांगल्या हाताला त्यांनी दोन्ही गुडघे धरून ठेवले. कान लाल झाले, कपाळावर घाम आला. मग मांडी सुटली.

"सोबत चला," जेवण उरकताच ते म्हणाले. "साक्षीदार हवा."

स्वारगेटला धायरीची बस उभी होती. रिसबूड तीत चढले, उतरले, कंडक्टरला वेळ विचारली, पुन्हा चढले. "काका, बसा हो एका जागी," कंडक्टर म्हणाला. "तीच तर अडचण आहे," मी म्हणालो.

मृणालने दार उघडले. तिने वडिलांकडे पाहिले, मग डब्याकडे. "चिंचोक्यांनी खेळू," एवढेच म्हणाली आणि आत वळली. जावई निखिल अमरावतीचा, मोकळा माणूस. "या नं बाबा, तुमचीच वाट पाहून राहिलो होतो." रिसबुडांनी खुर्चीवर मांडी घातली. निखिलने माझ्याकडे पाहिले. मी छताकडे पाहिले.

तिसऱ्या डावाला रिसबुडांनी पत्ते उचलले, गुडघे धरले आणि ओठ मिटले.

"बाबा उठतायत," मृणाल शांतपणे म्हणाली. "सगळ्यांनी टाका."

ते उठलेच. आतून परतले, तेव्हा चेहरा गोंधळलेला होता. तिथे विजेची शेगडी होती, काचेची, गुळगुळीत. "तुमच्याकडे बंद करायला काहीच नाही?"

"आहे नं बाबा," निखिल म्हणाला. "मेन स्विच. तो बघा, दाराच्या बाजूला."

"बरं. लक्षात ठेवतो."

आठच्या सुमारास रिसबुडांसमोर मोजकेच चिंचोके उरले. त्या डावात ते उठले नव्हते. मृणालने आपला सगळा ढीग पुढे लोटला. रिसबुडांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिले आणि पत्ते टाकले. गुलामांची जोडी होती, एक गुलाम हातातला, एक मधला; हात बेताचाच. मृणालने हसत आपले पत्ते उलटले. दुर्री आणि सत्ती. म्हणजे काहीच नाही.

निखिलने पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. मृणालचे हसू ओसरले. दिवाळी सर्वांनाच आठवत होती.

"मुद्दा तो नव्हे," रिसबूड म्हणाले आणि थांबले. "तुझ्याकडे काही नव्हतं. तरी लावलंस?"

"तुम्ही बसून होतात ना, बाबा. लहानपणापासून बघतेय."

त्यांनी खाली पाहिले. "चांगलं खेळलीस," ते म्हणाले, आणि उरलेले चिंचोके तिच्याकडे सरकवले.

निघताना मृणालने रिकामा डबा त्यांच्या हाती दिला. "चिंचोके इथेच राहू द्या. पुढच्या रविवारी येताय ना? सोमणकाका, तुम्ही पण या. तुमच्याशिवाय बाबा बसमध्ये टिकायचे नाहीत."

"बघतो," मी म्हणालो.

"सांगता येत नाही," रिसबूड म्हणाले. चेहऱ्यावर रेषा हलली नाही. "गुडघा कसा राहतो, त्यावर आहे. या वयात आगाऊ काही कबूल करणं बरोबर नव्हे." त्यांनी एक पाय चपलेत घातला. मग तो बाहेर काढला, दाराच्या बाजूला गेले, हात वर केला आणि सगळे घर अंधारात गेले. पंखा घरघरत थांबला.

"बाबा!" निखिल आतून ओरडला.

मृणाल माझ्या शेजारी उभी होती. तिचा चेहरा दिसत नव्हता.

"येणार," ती म्हणाली.

बसने परतलो. जिन्यात रिसबूड "बरं" म्हणाले, मीही "बरं" म्हणालो. घरात आलो, चपला काढल्या, दिवा लावला. मग स्वयंपाकघरात जाऊन गॅसची बटणे एकेक दाबून पाहिली.