बेचाळीस साहेब आणि एक नळी

तुम्ही पहिला प्रश्न काय विचारणार ते मला पाठ आहे. 'अहो, पण हीटर विकत का नाही आणलात?' आणला होता. तो लावला की आमच्या घराचा फ्यूज उडायचा, आणि आमच्या घराचा फ्यूज एकटा उडत नाही, शेजारच्यांनाही सोबत नेतो. तिसऱ्यांदा वीज गेली तेव्हा शेजारीण अर्धवट इस्त्री केलेली चादर घेऊन दारात आली. चादर नुसती माझ्यासमोर धरून उभी राहिली. त्या दिवशी हीटर माळ्यावर गेला.

गारठा होता तो सासऱ्यांच्या खोलीत. सासूबाई गेल्यापासून, म्हणजे गेली दोन वर्षं, ते आमच्याकडे मागच्या खोलीत राहतात. या माणसाने चाळीस वर्षं एका कारखान्यात बॉयलर सांभाळला, आणि म्हातारपणी वाट्याला आली ती आमची मागची खोली, जिथे थंडीत खोबरेल तेलाची बाटली पालथी केली तरी थेंब पडत नाही. त्यांची तक्रार नव्हती. ते फक्त जेवतानाही मफलर सोडत नसत. बायको त्या मफलरकडे बघायची आणि मग माझ्याकडे. (मफलर मीच विणल्यासारखा मी मान खाली घालायचो.)

अशात मेहुण्याचा फोन आला. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. मोठा पगार, मोठी गाडी, मोठा आवाज.

"दाजी, बाबांना मी घेऊन जातो. आमच्याकडे खोलीखोलीत बटण आहे, दाबलं की गरम. तुमच्याकडे हाल होतायत त्यांचे. तुमचा दोष नाही हो, तुमचं घरच तसं आहे!"

महिनाअखेरच्या रविवारी तो न्यायला येणार असं ठरलं. त्या दिवशी बायकोने भांडी आपटली नाहीत. चौदा वर्षांच्या संसारात मला एवढं कळलंय की भांडी आपटत नाहीत तेव्हा प्रकरण गंभीर असतं.

"एकदा गेले की परत नाही यायचे बाबा," ती म्हणाली. "तो ठेवून घेईल. आणि तिथे दिवसभर घरात कुत्रं नसतं."

"नाही जाणार ते. मी खोली गरम करतो."

"कशाने?"

"उन्हाने," मी म्हणालो.

एवढंच बोललो. ऑफिसात दुपारच्या सुट्टीत मी एक व्हिडिओ पाहिला होता. त्यातला माणूस सकाळी सूर्यावर चालणारा हवा-तापक बनवायला घेतो आणि जेवायच्या आत खोली उबदार करून मोकळा होतो. प्रकार सोपा असतो. एक चपटी लाकडी पेटी, आत काळा रंग दिलेला पत्रा, वरून काच. खालच्या भोकातून घरातली गार हवा पेटीत शिरते, तापलेल्या पत्र्यावरून वर सरकते आणि वरच्या भोकातून गरम होऊन घरात परत येते. ढकलायला एक छोटा पंखा. (त्या माणसालाही माझ्यासारखे दोनच हात होते. फरक इतकाच, की त्याचे कामाचे होते.)

पत्र्याचा प्रश्न मी ऑफिसातच सोडवला. मी आवक-जावक विभागातला कारकून. आमच्या भांडारात एक पोतं होतं आणि त्यात बदली झालेल्या, निवृत्त झालेल्या आणि एका चौकशीनंतर नुसत्याच नाहीशा झालेल्या साहेबांच्या नावाच्या अॅल्युमिनियमच्या पाट्या होत्या. मोजून बेचाळीस. भांडारवाला म्हणाला, "ने सगळ्या. पण यातला एकही साहेब परत आणू नकोस."

मी त्या पाट्यांना एकेक करून काळं फासलं. आयुष्यात कुठल्याच कामाने मला इतकं समाधान दिलेलं नाही. तीस वर्षं जे माझ्यावर तापले, ते आता माझ्यासाठी तापणार होते. रजेचा अर्ज तीनदा फेटाळणाऱ्या साहेबांना तर मी दोन हात जास्त दिले.

हे सगळं सासरे अंगणातल्या खुर्चीत बसून बघत होते. मी पेटी ठोकली, अंगठा ठोकला, पुन्हा पेटी ठोकली. काच आणली, फोडली, पुन्हा आणली.

"बाबा, काही सांगायचंय का?" मी मधेच विचारलं. नाही म्हणतील अशा सुरातच विचारलं.

"नाही. चालू द्या."

आता खरं सांगतो. उष्णतेतलं ज्याला सगळं कळतं असा माणूस माझ्यापासून चार पावलांवर बसला होता आणि मी त्याला एक अक्षर विचारलं नाही. जावयाने सासऱ्याला विचारायचं म्हणजे आपल्याला येत नाही हे कबूल करायचं. त्यापेक्षा अंगठा ठोकून घेतलेला परवडतो.

गवंड्याने मागच्या खोलीच्या भिंतीला दोन भोकं पाडली. पेटी बाहेरून बसवली, पंखा जोडला आणि मी बायकोला हाक मारली. ती आली. पेटीकडे बघितलं, आकाशाकडे बघितलं, पुन्हा पेटीकडे बघितलं.

"अहो, इथे ऊन कुठंय?"

"येईल ना."

"कधी?"

मी वर पाहिलं. मागच्या भिंतीवर ऊन नव्हतं. काल नव्हतं, परवाही नव्हतं. खुर्चीतून सासरे शांतपणे म्हणाले, "उन्हाळ्यात येतं. संध्याकाळचं, अर्धा तास."

बायको म्हणाली, "या भिंतीला ऊन असतं, तर खोली गार कशाला पडली असती?"

भोकांतून मात्र वारा सुटला होता. एका भोकात माझा जुना स्वेटर कोंबला, दुसऱ्यात नवा.

पण माघार घेईल तो कारकून कसला! आमची झोपायची खोली पुढच्या बाजूला आहे आणि तिथे दिवसभर लख्ख ऊन. पेटी तिथे खिडकीखाली हलवायची. गार हवा आमच्या खोलीतून घ्यायची, माझ्या टेबलाशेजारच्या भोकातून. आणि गरम झालेली हवा पाइपातून, बैठकीच्या छताखालून, स्वयंपाकघराच्या दारावरून, थेट मागच्या खोलीत. मी प्लंबरला बोलावलं.

"चार इंची पाइप, बत्तीस फूट?" प्लंबर म्हणाला. "संडास हलवताय का?"

"गरम हवा न्यायचीय."

त्याने बराच विचार केला. "वास येईल का?"

"अरे, हवा! नुसती हवा!"

"हवाच म्हणतोय मी," तो म्हणाला आणि बिचाऱ्याने पाइप बसवून दिला.

बैठकीची खोली त्यानंतर इस्पितळाच्या तळघरासारखी दिसायला लागली, पण मागच्या खोलीच्या भिंतीत पाइपाचं तोंड उघडलं. त्याच्याखालच्या खिळ्याला मी थर्मामीटर टांगला, आणि रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर रजिस्टरमध्ये नोंद करायला लागलो. तारीख, वेळ, तापमान, शेरा, सही. पहिल्या दिवशी तेरा अंश. आठवड्याभरात बावीस! मी शेऱ्यात 'समाधानकारक' लिहिलं आणि सही जरा मोठी केली.

नेमकं याच दिवसांत घरात काहीतरी विचित्र सुरू झालं.

सकाळी बूट घालताना, माझ्या टेबलाशी बसून, बायकोपाशी मन मोकळं करायची मला सवय आहे. एकदा मी म्हणालो, "बाबांना दूध दोन-दोन कप कशाला? या वयात पचतं का?" दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी कप बाजूला सारला. "अर्धाच द्या. या वयात पचत नाही म्हणतात."

मी बायकोकडे पाहिलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं.

"तू सांगितलंस?" मी आत जाऊन विचारलं.

"मी कशाला सांगू? तुम्हीच बोलला असाल तोंडावर!"

मग एकदा मी म्हणालो, "चाळीस वर्षं बॉयलरसमोर बसून या माणसाच्या अंगात उष्णता कशी उरली नाही?" तर जेवताना सासरे भाकरी मोडता मोडता म्हणाले, "उष्णता आहे हो जावईबापू. मी बाहेर काढत नाही, एवढंच."

मला वाटलं, बायको फितूर झाली. तिला वाटलं, मी म्हाताऱ्या माणसाला पाठीमागून टोचतोय. शनिवारी आमचं कडाक्याचं भांडण झालं, अर्थात त्याच टेबलाशी. मी तिला 'बापाची हेर' म्हणालो. ती म्हणाली, "तुमच्यामुळेच चाललेत ते. थंडीमुळे नाही." संध्याकाळी सासऱ्यांनी ट्रंक पलंगाखालून ओढून बाहेर काढली.

रविवारी मेहुणा आला. मी रजिस्टर उघडून त्याच्या पुढ्यात ठेवलं.

"तेरापासून बावीस, नऊ अंश वाढ," मी म्हणालो. "आता सांगा, न्यायची गरज आहे का?"

"अरे वा, दाजी!" मेहुणा मागच्या खोलीत गेला. पाइपाच्या तोंडाशी त्याने हात धरला. धरूनच ठेवला. "पण हे तर गार लागतंय."

"ढग आले असतील."

"बाहेर चांगलं ऊन आहे, दाजी." त्याने थर्मामीटर बघितला. बावीसच. मग त्याने तो खिळ्यावरून उचलला.

मागे, त्याच खिळ्याला, सासऱ्यांची शेकायची रबरी पिशवी लटकत होती. बायको रोज दुपारी त्यांना ती गरम पाण्याने भरून देते. खिळा दिसल्याच्या दुसऱ्या दिवसापासून, गुडघे शेकून झाले की सासरे ती नीट तिथे अडकवतात. शिस्तीचा माणूस. आठवडाभर मी सही करून प्रमाणित केलं होतं ते पिशवीचं तापमान.

"आणि पंखा?" मेहुण्याने विचारलं.

"तो मी पहिल्याच दिवशी बंद केला," सासरे म्हणाले. "वारा लागत होता."

मेहुणा हसला. म्हणजे आधी हसला, मग पलंगावर बसून हसला. मी तिथून उठलो आणि आमच्या खोलीत येऊन टेबलाशी बसलो. मागोमाग बायको आली. भांडायला आली असेल, पण माझं तोंड बघून पलंगाच्या कडेवर बसली.

"जाऊ दे त्यांना," मी म्हणालो. "मला नाही जमलं. पण एक सांगतो. मला ते जायला नको होते गं. संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की ते खुर्चीतून विचारतात, 'आलात?' बस, एवढंच. माझे वडील गेल्यापासून मला कुणी 'आलात' म्हणून विचारलं नव्हतं. तू विचारतेस ते 'एवढा उशीर का' म्हणून विचारतेस. आणि त्यांना विचारून केलं असतं ना, तर झालंही असतं. पण मला लाज वाटली."

बायकोने डोळ्याला पदर लावला. आणि माझ्या पायाशेजारून, भिंतीच्या आतून, आवाज आला.

"मग विचारा की."

मी खुर्चीसकट मागे सरकलो. "कोण... कोण आहे आत?"

"सासरा," भिंत म्हणाली.

आम्ही धावत मागच्या खोलीत गेलो. सासरे पाइपाच्या तोंडाला तोंड लावून उभे होते. मेहुणा आता हसत नव्हता.

"कारखान्यात बॉयलरघरात अशीच नळी होती," सासरे म्हणाले. "साहेब वर उन्हाच्या खोलीत. मी खाली, नळीच्या टोकाला. चाळीस वर्षं ऐकत आलो. 'वाफ वाढव', 'झोपलास काय रे'. तुम्ही भिंतीला पाइप लावलात तेव्हाच ओळखलं मी."

"म्हणजे तुम्ही सगळं..." मी पाइपाकडे बोट दाखवलं.

"दुधाचं, अंगातल्या उष्णतेचं, सगळं ऐकलं. वाईटही वाटलं. म्हणूनच ट्रंक काढली." ते थांबले. "आत्ताचंही ऐकलं."

मग त्यांनी पायाने ट्रंक पलंगाखाली सारली. मेहुणा म्हणाला, "बाबा, पण थंडी? इथे बटण नाही."

"तुझ्याकडे बटण आहे रे. पण बटण दाबल्यावर कुणी बोलत नाही."

मेहुणा चहा पिऊन एकटाच परत गेला. जाताना मोठ्या आवाजात काही बोलला नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्याची जरा दयाच आली. बायकोने त्या संध्याकाळी भांडी अशी आपटली की शेजारीण डोकावून गेली. माझा जीव भांड्यात पडला.

मी सासऱ्यांपुढे बसलो आणि वहीची कोरी पानं उघडली. "बाबा, आता विचारतो. पत्रा बदलू? पाइपाला गोधडी गुंडाळू? पेटी मोठी करू? खोली गरम कशी करायची?"

त्यांनी मफलर सारखा केला. "तुमच्या खोलीत दिवसभर ऊन असतं ना?"

"असतं."

"मग मी तिथे झोपतो. तुम्ही इथे या."

एवढंच करायचं होतं. दोन पलंग सरकवायला वीस मिनिटं लागली. भिंतीतली भोकं, बत्तीस फूट पाइप, दोन काचा, दोन स्वेटर आणि बेचाळीस साहेब यांची काही गरज नव्हती.

आता सासरे उन्हाच्या खोलीत माझ्या टेबलाशी बसतात, मफलरशिवाय. मी मागच्या खोलीत नळीच्या टोकाला, त्यांची शेकायची पिशवी शेकून झाली की त्याच खिळ्याला अडकवत. ऑफिसातून आलो की भिंत विचारते, "आलात?" आणि मी उत्तर द्यायच्या आत पुढचं सुरू होतं, "चहा टाका. पेपर द्या. झोपलात काय हो?" पेटीतले काळे साहेब उन्हात मजेत तापत असतात.

हे सगळं मी मोज्यांवर मोजे चढवून लिहिलं. लिहून झाल्यावर नळीतून हुकूम आला, "काय लिहिताय एवढं? वाचा मोठ्याने." मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मला वाटलं, म्हाताऱ्याला गहिवरून आलं.

"थर्मामीटर किती दाखवतोय?" नळीने विचारलं.

"तेरा."

"पिशवी काढून बघा."

मी पिशवी काढली आणि पारा उतरेपर्यंत थांबलो. "अकरा."

"नोंद करा," सासरे म्हणाले.

मी नोंद केली आणि खाली सही केली.