खराट्याचा समुद्र

आमच्या रस्त्यावर कुणी नवा खराटा आणला, की तो आधी जांबोटीकर अण्णांच्या नजरेआड करावा लागे. नाहीतर आठवड्याभरात त्या खराट्याची प्रकृती पार खालावायची. अण्णा चोर मुळीच नव्हते. ते रीतसर बेल वाजवून आत येत, खराटा मागून घेत, उन्हात धरून त्याचा एकेक हीर वाकवून बघत आणि पसंत पडलेले हीर उपसून घेत. वर आपल्यालाच ऐकवत, "हा बघा, कसा झकास वळतोय! असला हीर कचऱ्यात घालवता होय?" आपण ओशाळून आणखी दोन हीर काढून द्यायचे.

या हिरांचे अण्णा समुद्र बनवत.

नव्वदच्या दशकात नोकरीसाठी पुण्याहून मी आणि मेधा बंगलोरला आलो, तेव्हा इंदिरानगरात अण्णांच्या घराचा खालचा मजला आम्हाला भाड्यानं मिळाला. अण्णा मूळचे खानापूरकडचे. घरात मराठी, गेटबाहेर कन्नड आणि राग आला की दोन्हींची मिसळ. उभी हयात त्यांनी मालवाहू जहाजांवर इंजिनिअर म्हणून काढली आणि निवृत्तीनंतर घर बांधलं ते समुद्र जिथून कुठल्याच बाजूला दिसत नाही अशा गावात. "समुद्र बघायचा नसतोय हो जोशी," ते म्हणत, "अंगात भरून घ्यायचा असतोय." पुण्याच्या माणसाला समुद्राबद्दल कुणी असं सुनावलं की त्याला गप्प बसण्यावाचून दुसरा मार्ग नसतो.

हा समुद्र त्यांच्या अंगात भरला तो प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांवर. सुकं खोबरं भरायला गेलेल्या त्यांच्या जहाजाचं इंजिन तिथं बंद पडलं. इंजिन दुरुस्त करणं हे खरं म्हणजे अण्णांचं काम. पण सुटा भाग येईपर्यंत करायला काही नव्हतं, म्हणून ते एका म्हाताऱ्या नावाड्याच्या झोपडीपुढे जाऊन बसू लागले. तो म्हातारा नारळाच्या हिरांची चौकट बांधायचा, तिच्यावर आणखी हीर वाकवून बांधायचा आणि मधूनमधून शिंपले अडकवायचा. अण्णांना आधी वाटलं, कोंबड्यांसाठी झाप करतोय. तो निघाला समुद्राचा नकाशा. शिंपला म्हणजे बेट आणि वाकडा हीर म्हणजे लाट. बेटाला वळसा घालताना लाट वाकते, दोन बाजूंच्या लाटा एकमेकींत घुसतात आणि होडी वेगळीच डुलायला लागते. बेट दिसायच्या कितीतरी आधी ते डुलणं अंगाला कळतं. तिथला नावाडी होडीच्या तळाशी चक्क आडवा होतो, डोळे मिटतो आणि पाठीनं वाट ओळखतो.

"आणि नकाशा?" मी विचारलं.

"तो घरात! बोटांनी पाठ करायचा आणि घरात ठेवून निघायचं. नकाशा संगं घेऊन जातो तो नावाडी कसला?" अण्णा म्हणाले. "बेट मागनं दिसतंय हो. लाट आधी सांगते."

हे शेवटचं वाक्य ते दिवसातून किती वेळा म्हणत याची गणती नव्हती. दूध उतू गेलं तरी लाट आधी सांगत असे आणि सरकार पडलं तरी.

शिंपल्यांच्या जागी अण्णांनी इंदूअक्कांच्या सारीपाटाच्या कवड्या वापरल्या आणि गाठींना हारवालीकडचा केळीचा दोरा. इंदूअक्का म्हणजे त्यांच्या पत्नी. कवड्या गेल्यावर त्या तीन दिवस अण्णांशी बोलल्या नाहीत आणि घरातला खराटा तांदळाच्या डब्यामागे दडवू लागल्या. "माझ्या खराट्यानं झाडायचं तरी काय, सांगा मेधाबाई," त्या म्हणत. "अर्धा प्रशांत महासागर झालाय त्याचा."

एकदा आम्ही येलहंक्याला एका लग्नाला गेलो होतो. परतीच्या बसमध्ये मागचं लांब बाक रिकामं होतं, त्यावर अण्णा धोतर सावरून आडवे झाले. कंडक्टर घाबरला. "एन् सार, हुषारिल्वा?" म्हणून प्रकृतीची चौकशी करू लागला. अण्णांनी डोळे न उघडता हातानंच त्याला गप्प केलं. थोड्या वेळानं म्हणाले, "हेब्बाळ. तळ्याचा गारवा आला." खरंच हेब्बाळ आलं होतं. मग खड्डे आणि वळणं पाठीनं मोजत त्यांनी पुढचे सगळे थांबे बिनचूक सांगितले. बस त्यांच्यावर खूश झाली. आणि मग एकाएकी अण्णा गप्प झाले. चेहरा कावराबावरा. शेवटी उठून खिडकीबाहेर बघत म्हणाले, "कुणी तरी रस्ता नीट केला की हो इथला!" ज्या गावात रस्ता दुरुस्त होणं कुणाच्या ध्यानीमनी नसतं, तिथं एवढी चूक माफ करायला हवी.

आमच्या मराठी मंडळींनी मात्र त्यांना माफ केलं नाही. गणेशोत्सवात पाककृती स्पर्धा आणि अंताक्षरी यांच्यामधल्या रिकाम्या वेळात अण्णांचं व्याख्यान ठेवलं. अण्णा चार नकाशे घेऊन मंचावर चढले आणि प्रेक्षकांना म्हणाले, "डोळे मिटा." मोदक नुकतेच पोटात गेले होते. अर्ध्या लोकांनी डोळे मिटले ते अंताक्षरीलाच उघडले. उरलेले अर्धे कॉम्प्युटरवाले. त्यांनी शंका काढल्या.

"यात नॉर्थ कुठे आहे, काका?"

"नाही."

"मग स्केल?"

"तेही नाही. ज्यानं बांधला त्यालाच वाचता येतोय. दुसऱ्याला हात धरून शिकवावा लागतोय."

"मग स्टँडर्डायझेशन कसं करणार?" असं विचारून तो तरुण विजयी मुद्रेनं खाली बसला. अध्यक्षांनी इंडोनेशियाच्या वारली चित्रकलेची सुंदर ओळख करून दिल्याबद्दल अण्णांचे आभार मानले आणि नारळ दिला. अण्णांनी नारळ हलवून बघितला आणि याच्या झाडाचे हीर कुठं मिळतील, असं अध्यक्षांनाच विचारलं.

आमच्या घरी तरी वेगळं काय होतं? मेधानं एक नकाशा हौसेनं मागून घेतला. "किती एथनिक आहे ना!" म्हणत त्याला सागवानी चौकट करून काच बसवली आणि सोफ्याच्या वर टांगला. अण्णा बघायला आले. बराच वेळ समोर उभे राहिले. मेधाला वाटलं, गहिवरले. अण्णांनी बोटानं काचेवर टकटक केलं. "उलटा लावलाय, ते एक असू दे. पण काच घातल्यावर वाचायचा कसा?" ते म्हणाले आणि चहा न घेताच वर गेले.

हे सगळं हसण्यावारी चाललं असतं. पण त्याच वर्षी इंदूअक्कांची नजर जाऊ लागली. काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नाही आणि राहिलेली किती टिकेल हे सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. अक्कांचा सगळा जीव शनिवारच्या भजनात. पलीकडे दोन क्रॉस, म्हणजे आडवे रस्ते, सोडून कमलाबाईंच्या घरी त्यांची भजनी मंडळी जमे आणि पेटी अक्का वाजवत. आता दारातून बाहेर पडायचं म्हटलं की त्यांचा हात भिंत शोधू लागला. त्यांची मुलगी विद्या हुबळीला होती. ती फोनवर म्हणाली, "आईला एकटीला बाहेर पडता येत नसेल तर तिथं ठेवण्यात अर्थ नाही. दिवाळीला येते आणि घेऊन जाते." अक्कांनी "बरं" म्हटलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत, असं मेधानं मला सांगितलं.

अण्णांनी काय करावं? नवे खराटे आणले.

आमचा रस्ता खवळला. बायकोचे डोळे चाललेत आणि हा गृहस्थ काड्या वाकवत बसतो! मलाही राहवलं नाही. मी वर जाऊन दोन शब्द सुनावले. अण्णांनी हिराला गाठ मारता मारता "स्वल्प थांबा हो" एवढंच म्हटलं. पुढे पुढे तर त्यांचं वागणं बघवेना. रोज संध्याकाळी ते अक्कांचा हात धरून फिरायला निघत आणि भलत्याच ठिकाणी थांबत. कॉफीपूडवाल्याच्या दुकानापुढे दोघंही डोळे मिटून उभे. पिठाच्या गिरणीपुढे उभे. गटारावरच्या एका डुगडुगत्या फरशीवर तर अण्णा अक्कांना पुन्हा पुन्हा उभं करत. एके दिवशी ते स्वतःच डोळे मिटून पुढे चालले आणि त्या गटारात गेले. गुडघा सोलून घरी आले तरी चेहरा खुलला होता. "फरशीच्या आधी चिंचेची सावली लागते, ती मी धरलीच नव्हती," ते मला म्हणाले. आता यांनाही हुबळीला न्यावं लागणार, असं मी मेधाला सांगितलं.

दिवाळीच्या तोंडावर विद्या आली. आईची बॅग तिनं आल्या दिवशीच भरली. दुसरा दिवस शनिवार होता. दुपारी मी भाडं द्यायला वर गेलो, तर अक्का इरकली लुगडं नेसून, हातात छत्री घेऊन दारात उभ्या.

"कमलाकडे भजनाला जाऊन येते," त्या म्हणाल्या. "एकटी."

"आई, वेड लागलंय का तुला?" विद्या ओरडली आणि चप्पल घालायला धावली. "मी येते मागून."

"मागनं जायचं नाही," अण्णा म्हणाले. त्यांचा एवढा करडा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "तू मागनं गेलीस की ती तुझ्या पावलांकडं कान देणार. मग गिरणी कोण ऐकणार? जा गं इंदू."

अक्का गेल्या. विद्या रडकुंडीला येऊन गॅलरीत जायला लागली, तिलाही अण्णांनी बसवलं. मग त्यांनी दारामागून एक नकाशा काढला आणि जमिनीवर पसरला. मी वाकून बघितलं. हा काही मार्शल बेटांचा नव्हता. एका टोकाची कवडी आमचं गेट होतं आणि दुसऱ्या टोकाची कमलाबाईंचं घर. मधले वाकडे हीर दोरा गुंडाळून खरबरीत केले होते ते वासांचे, साधे होते ते आवाजांचे आणि जिथं दोन हीर एकमेकांवरून जात होते तिथं वळायचं होतं. अक्कांनी महिनाभर तो मांडीवर घेऊन बोटांनी पाठ केला होता. आता तो घरात होता आणि त्या रस्त्यावर.

अण्णा त्याच्याशेजारी जमिनीवर आडवे झाले. डोळे मिटले आणि बोट पहिल्या कवडीवर ठेवलं.

"उतार लागला," ते पुटपुटले. बोट सरकलं. "गिरणी... आता डावीकडं. कॉफी भाजायलेत आज, वास लांबवर येणार... चिंचेची सावली. फरशी." इथं बोट थांबलं. सोलवटलेला गुडघा मला आठवला. बऱ्याच वेळानं बोट पुढे गेलं आणि जरा अंतरावर, जिथं गाठ नव्हती, हीर नव्हता, कवडीही नव्हती, तिथं पुन्हा थांबलं.

"इथं काय आहे, अण्णा?" मी हळूच विचारलं.

"बकुळ आहे. ती खाली वाकून फुलं वेचणार. चाचपून वेचायला वेळ लागतोय आता." ते म्हणाले. "लग्न झाल्यापासनं वेचत आलीय. ते नकाशात कशाला घालायचं, मला पाठ आहे की."

विद्यानं तोंडाला पदर लावला. बोट शेवटच्या कवडीवर पोचलं. फोन वाजेना. अण्णा हलले नाहीत. गिरणीची घरघर तेवढी लांबून ऐकू येत होती, आणि इतकी वर्षं शेजारी राहून ती मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

फोन वाजला. विद्यानं घेतला. "कमलामावशी," ती म्हणाली आणि रिसीव्हर आमच्याकडे धरला. कमलाबाईंनी बहुधा रिसीव्हर तसाच पेटीपुढे धरला असावा, कारण पलीकडून अभंगाचे सूर येत होते. अण्णांनी बोट उचललं आणि सगळा तळवा त्या कवडीवर पालथा ठेवला. हा माणूस एवढा घाबरलेला होता, हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

अक्का परत आल्या तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. एका हातात बकुळीची फुलं बांधलेला रुमाल आणि काखेत छत्रीबरोबर एक कोराकरकरीत खराटा. एरवी अण्णांपासून खराटे दडवणाऱ्या बाईनं तो त्यांच्यापुढे धरला.

"वाटेत मिळाला. आता भाजीमार्केटचा करून द्या," त्या म्हणाल्या. "तिथं सगळे वास एकदम येतात, माझा गोंधळ होतोय."

"सरी, देतो की करून," अण्णा म्हणाले. सवयीनं त्यांनी खराटा उन्हात धरला, एक हीर वाकवला, सोडला, दुसरा धरला. पण डोळे भरून आलेल्या माणसाला हीर काय दिसणार? ते नुसतेच चाचपडत राहिले.

अक्कांनी जरा वाट बघितली. मग त्यांच्या हातातून खराटा घेतला, सगळ्या काड्यांवरून सावकाश बोटं फिरवली आणि मधला एक हीर उपसून त्यांच्या हातात दिला.

"हा घ्या," त्या म्हणाल्या, "हा चांगला वळतोय."