काकांची चौकशी

"आता तुमच्याकडे काम करून सोडून गेलेल्या दोघांचे नंबर द्या," मुलाखत संपता संपता मुलगी म्हणाली, आणि लॅबच्या मालकांनी, म्हणजे काकांनी, जो आ वासला तो मिटेचना.

कवळ्या आणि दातांच्या कॅप बनवण्यात काकांची तीस वर्षं गेली होती. या काळात कितीतरी तोंडं त्यांच्या हाताखालून गेली, पण असं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं.

"नंबर कशाला?"

"तुमची चौकशी करायला. तुम्ही नाही का माझ्या जुन्या साहेबांना फोन केलात? तसंच."

"अगं, पण नोकरी मी देतोय."

"आणि दिवसाचे नऊ तास मी देतेय."

शेजारच्या टेबलावर काकू डॉक्टरांच्या ऑर्डरी वहीत उतरवत होत्या. त्यांचं लिहिणं चालूच राहिलं, फक्त खांदे हलत होते.

एरवी काकांनी या मुलीला सरळ दार दाखवलं असतं. पण कॅप कोरणारं नवं कॉम्प्युटरचं मशीन महिनाभर चादर पांघरून बसलं होतं. ते चालवणारं कुणी मिळत नव्हतं, आणि तीन डॉक्टरांनी बजावलं होतं की सोमवारपर्यंत कॅप आल्या नाहीत तर दुसरी लॅब बघू. गरजवंताला अक्कल नसते. काकांनी निमूटपणे डायरी काढली.

नंबर देण्याआधी विचारून घेतलेलं बरं, म्हणून त्यांनी जुन्या पॉलिशवाल्याला फोन लावला. आवाज ऐकताच तो म्हणाला, "निघालोच साहेब, पाच मिनिटांत पोचतो." त्याला नोकरी सोडून सहा वर्षं झाली होती.

"दुसरं कोण?" काकांनी काकूंना विचारलं.

"लंबू. आता स्वतःची लॅब आहे त्याची."

"तो नको. रागावून गेलाय तो."

"रागावेल नाही तर काय? कवळी फेकून मारलीत तुम्ही."

"त्याला नाही. भिंतीला."

"मधे तो होता."

बाकी कुणी काकांचं नाव बघून फोनच उचलेना. शेवटी झक मारत लंबूचाच नंबर द्यावा लागला.

दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. "सर, पॉलिशवाले फार चांगलं बोलले. पण घाबरून बोलत होते, म्हणून ते मी धरलं नाही."

"आणि लंबू?"

"चाळीस मिनिटं बोलले. कवळीचंही सांगितलं."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

"पण तुमच्या कामाला नावं नाही ठेवली. मला त्यांचं बोलणं आवडलं, त्यांनाही माझं आवडलं असावं. त्यांनी मला नोकरी देऊ केलीय."

स्वतःच्या डायरीतून नंबर काढून काकांनी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता.

"मग मला कशाला सांगतेस?" ते कसेबसे म्हणाले.

"आता मी त्यांची चौकशी करतेय. तुम्ही आठ वर्षं पाहिलंय त्यांना. माणूस कसा आहे?"

एका शब्दाचं काम होतं. नुसतं 'लबाड' म्हटलं असतं, तरी मुलगी सोमवारच्या आत इथे येऊन बसली असती. काकांनी मशीनकडे पाहिलं. आता मात्र काकूंचं पेन थांबलं.

"ती कवळी त्याने बिघडवलीच नव्हती," काका म्हणाले. "दुसऱ्या कारागिराने बिघडवली होती. लंबूने त्याचं नाव सांगितलं नाही, स्वतः बोलणी खाल्ली. मला हे आठवड्याने कळलं."

"मग मी काय करू?"

"जा त्याच्याकडे. तुझं काही चुकलं तर तो तुला उघडं पाडणार नाही."

फोन ठेवून काकांनी मशीनवरची चादर नीट केली. हे आपण बोललो, यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता.

संध्याकाळी लंबूचा फोन आला. "साहेब, तुमच्या कॅपचं काम इकडे पाठवा. ती उद्यापासून येतेय. सोमवारी तुमच्या हातात देतो."

"पाठवतो," एवढंच काका म्हणाले.

"एक विचारू? ती म्हणाली, त्या कवळीचं तुम्हाला सगळं ठाऊक होतं. मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"कुणी विचारलंच नाही रे."

"मी विचारलं होतं," काकू वहीतून मान वर न काढता म्हणाल्या. "दोनदा."